पोट आणि काळीज

पोट आणि हृदय यांच्या सीमा मराठी माणसाने कधीच काटेकोरपणे आखल्या नाहीत. दुःखाची वार्ता ऐकली की त्याच्या पोटात कालवते, लेकरासाठी त्याचे आतडे तुटते. आणि छातीवर हात ठेवून ज्याला तो काळीज म्हणतो, ते मुळात यकृताचे नाव. ग्रीकांचेही तसेच. ‘कार्डिया’ म्हणजे हृदय, पण जठराच्या वरच्या तोंडालाही वैद्यकात आजतागायत तेच नाव आहे. प्रभू येशूला लोकसमुदायाचा कळवळा आला, असे शुभवर्तमानकार सांगतात तेव्हा त्यांनी वापरलेल्या ग्रीक क्रियापदाच्या मुळाशी ‘आतडी’ हा शब्द आहे. गुरुविद्यालयात हे प्रथम ऐकले तेव्हा आम्हा मराठी विद्यार्थ्यांना त्याचे फारसे नवल वाटले नाही. आमच्या आज्या तेच तर बोलत आल्या होत्या.

परंतु भाषेला जे शोभून दिसते, ते मध्यरात्री धर्मगुरुनिवासाचे दार वाजते तेव्हा अडचणीचे ठरते. पाव शतकाहून अधिक काळ धर्मग्रामांत सेवा करताना आम्ही अशी हाक किती वेळा ऐकली याची गणती नाही. “फादर, लवकर चला, बाबांची छाती धडधडते.” पवित्र तेलाची कुपी घेऊन आम्ही पोचावे, तो बाबा खाटेवर उठून बसलेले, दोन खणखणीत ढेकरा देऊन मोकळे झालेले आणि घरभर ओव्याचा वास! दिवस बहुधा लग्नसराईचे किंवा नाताळचे. विंदालू, पोळे, वर उशिरापर्यंत चाललेला पेला. या पेल्याविषयी एक गोष्ट आमच्या लोकांनी ऐकून ठेवण्याजोगी आहे. सुट्टी वा सणानंतर, मद्यपानामुळे हृदयाची लय बिघडून आलेल्या रुग्णांचे वर्णन १९७८ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी केले आणि त्या विकाराला ‘हॉलिडे हार्ट’ असे नाव दिले. तेव्हा सणाच्या रात्रीची प्रत्येक धडधड वायूच्या खात्यावर टाकता येत नाही.

मात्र पोटामुळे छाती धडधडते हा केवळ भ्रम, असेही नव्हे. लुडविग रोमहेल्ट या जर्मन वैद्याने १९१२ साली या लक्षणसमूहाचे वर्णन केले आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. हृदय श्वासपटलावर टेकलेले, आणि त्याच पटलाखाली डावीकडे जठर. अन्नाने व वायूने जठर फुगले की ते पटल वर ढकलते. अन्ननलिकाही हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याच्या अगदी पाठीमागून खाली उतरते. शिवाय दोघांचा कारभार एकाच मज्जातंतूच्या हाती आहे. मेंदूच्या तळापासून निघून गळा, छाती, पोट असा फिरत जाणारा हा तंतू. लॅटिनमध्ये त्याला ‘व्हेगस’, म्हणजे भटक्या, असे नाव पडले ते यथार्थच. त्यातील सुमारे ८० टक्के धागे वरून आज्ञा आणणारे नसून खालची खबर मेंदूकडे नेणारे आहेत. (वरिष्ठांची परिपत्रके ज्यांच्या मेजावर साचतात, त्या धर्मगुरूंना हे प्रमाण हेवा वाटण्याजोगे वाटेल.) पोटातील गडबडीची खबर वर गेली की हृदयाचा ताल क्षणभर ढळतो.

हे पुस्तकी ज्ञान नाही. काही वर्षांपूर्वी रात्रीच्या जेवणानंतर डाव्या कुशीवर वळताच आमचेही हृदय ठोके गाळू लागले. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, रक्त तपासले आणि २४ तासांच्या नोंदीसाठी होल्टर नावाचे यंत्र छातीला बांधले. ते झग्याखाली बाळगूनच आम्ही सकाळचा मिस्सा अर्पण केला. निष्कर्ष असा, की ठोका गळत नव्हता. तो वेळेआधीच पडत होता आणि पुढच्या विसाव्यामुळे गळाल्यासारखा भासत होता. धोका काही नव्हता. रात्रीचे जेवण निम्मे आणि दोन तास अलीकडे, रिकाम्या पोटी कडक चहा बंद, एवढेच पथ्य मिळाले.

तथापि डॉक्टरांनी जे ओघात सांगितले ते आम्हांला अधिक मोलाचे वाटते. पोट आणि छाती या दोहोंची तक्रार एकदम आली म्हणजे एकाने दुसऱ्याला बिघडविले असेच नसते. कधी तिसराच कोणी दोघांनाही छळत असतो. थायरॉईड ग्रंथी अति काम करू लागली की जुलाबही होतात आणि धडधडही. सांधेदुखीच्या गोळ्यांनी जठरात व्रण पडून रक्त झिरपू लागले, की शौचाला काळी होते आणि अंगातले रक्त कमी झाल्याने हृदय धावू लागते. जुलाबांतून पोटॅशियम गेले तरी लय बिघडते. आम्लपित्ताच्या काही गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्यास रक्तातील मॅग्नेशियम उतरते आणि तेही हृदयाला मानवत नाही. आमच्या भाविकांपैकी कितीतरी जण या गोळ्या चणेफुटाण्यांसारख्या खातात!

दुखणे एका जागी आणि कारण दुसरीकडे, याचे उदाहरण आपल्या संतांतही आहे. मान्रेसा येथील कठोर उपवासांनंतर संत इग्नेशियस लोयोला यांना पोटशूळाने जन्मभर सोडले नाही. १५५६ साली त्यांच्या निधनानंतर रेआल्दो कोलोंबो या शरीरशास्त्रज्ञाने देहाची तपासणी केली, तेव्हा आढळले ते खडे. या संताने १५४८ साली फ्रान्सिस बोर्जा यांना पत्र लिहून उपवास आवरते घेण्यास व पोटाची काळजी घेण्यास बजावले होते, हे उपवासकाळात अतिरेक करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

आता उलट बाजू, जिच्यासाठी हा लेखप्रपंच. जो भटक्या तंतू पोटाची खबर नेतो, तोच हृदयाचीही नेतो. हृदयाची खालची भिंत श्वासपटलाला टेकलेली असते. तिचा रक्तपुरवठा तुटला की पुष्कळदा छातीत न दुखता पोटाच्या वरच्या भागात दाटते, मळमळते, ढेकरा येतात, घाम फुटतो. मधुमेही आणि स्त्रिया यांच्यात अशी फसवी लक्षणे विशेष. आमच्या एका जुन्या धर्मग्रामातील पन्नाशीचे गृहस्थ दोन दिवस सोडा पीत राहिले. “गॅस वर चढलाय,” हे घरच्यांचे म्हणणे, शेजाऱ्यांचे तेच, त्यांचे स्वतःचेही तेच. तिसऱ्या दिवशी पहाटे आम्हांला बोलावणे आले. रिक्षा त्यानंतर बोलावली गेली. तैलाभ्यंग झाला, इस्पितळ मात्र गाठता आले नाही. अंत्यविधीनंतर त्यांच्या पत्नीने विचारले, “फादर, गॅसनं माणूस मरतो का हो?” त्या माऊलीला आम्ही एवढेच सांगितले की नाही, गॅसने मरत नाही, त्यांचे हृदयच आजारी होते, आणि ते घरात कोणालाच ओळखता येण्यासारखे नव्हते.

खरे म्हणजे ते घरी बसून कोणालाही ओळखता येत नाही, डॉक्टरांनासुद्धा. कागदाच्या पट्टीवर उमटलेली हृदयाची रेघ आणि रक्ताची तपासणी यांनाच ते विचारावे लागते. म्हणून हल्ली रात्री फोन आला की आम्ही प्रथम विचारतो, गाडी बोलावली का? घाम आहे का, चक्कर आहे का, जबडा किंवा हात दुखतो का, हे पुढचे प्रश्न. उत्तर काहीही आले तरी गाडी थांबवावयाची नाही. तेल घेऊन आम्ही थेट इस्पितळाच्या दाराशी येतो. कधी ते बाबा तिथेच ढेकर देतात, कार्डिओग्राम स्वच्छ निघतो आणि घरचे लोक ओशाळून आमची क्षमा मागू लागतात. अशा वेळी आम्ही कँटीनमध्ये सर्वांना चहा पाजतो, बाबांना सोडून.