आतून लागलेली कडी

रात्री दीड वाजता कन्सोलच्या काळ्या पडद्यावर एकच ओळ ठाण मांडून बसली होती. सर्व्हर एका डिस्कची वाट पाहत होता. नव्वद सेकंद भरले, डिस्क आली नाही आणि त्याने हात टेकले. मग तो इमर्जन्सी मोडमध्ये गेला. पण रूटचं खातं बंद असल्याचं सांगून तिथेही त्याने आम्हाला बाहेरच ठेवलं. क्लाउडवरच्या उबुंटूत रूटला पासवर्ड नसतो. आपली की वापरून एसएसएचने आत जायचं, ही तिथली रीत. इथे एसएसएच सुरू होण्याआधीच सगळं अडलं होतं.

सर्व्हर एका दूध संस्थेचा. गावोगावच्या केंद्रांवरून लिटर, फॅट आणि एसएनएफचे आकडे त्यावर येतात आणि त्यावरूनच शेतकऱ्याचं बिल निघतं. अपडेट टाकून रीबूट करायला मध्यरात्र बरी, म्हणून मी आणि माझा धाकटा सहकारी जागे होतो. संस्थेच्या सचिवांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, साडेपाचला संकलन सुरू होतं."

बॅकअप होता, पण दुपारचा. संध्याकाळचं दूध त्यात नव्हतं. ते आकडे त्या न उठणाऱ्या डिस्कवरच होते.

मी चाळीत वाढले. तिथे कधी कधी एखादं पोर घरात एकटं असताना दाराची कडी आतून पडायची. आई बाहेर रडकुंडीला यायची, पण दार कुणी फोडत नसे. शेजारच्या गॅलरीतून कुणी तरी आत उतरायचं आणि कडी काढायचं. रेस्क्यू मोड ही मला तशीच गॅलरी वाटते. पॅनेलवर तो चालू करून रीबूट केलं की मशीन स्वतःच्या डिस्कवरून उठत नाही. पुरवठादाराने दिलेलं एक छोटं लिनक्स मेमरीत चढतं आणि आपली डिस्क बाजूला नुसती जोडलेली असते. तिच्यावरचं काहीच चालू नसतं, म्हणून ती निवांत पाहता येते.

आत शिरताना एसएसएचने मोठ्या अक्षरांत इशारा दिला, की समोरच्या मशीनची ओळख बदलली आहे. सहकारी दचकला. पण ते खरंच होतं. पत्ता तोच असला तरी आत आता दुसरीच सिस्टिम होती.

"ताई, माउंट करू?"

"आधी स्नॅपशॉट."

त्यात अकरा मिनिटं गेली. घड्याळ पुढे सरकत असताना नुसतं बसून राहणं हा या कामातला सगळ्यात अवघड भाग, पण ती अकरा मिनिटं मी कधीच वाचवत नाही. पुढे आपला हात चुकला, तर परतायची वाट तेवढीच असते.

मग डिस्क फक्त वाचण्यापुरती माउंट केली. इथेही एक बारकावा आहे. ईएक्सटी४ची जर्नल अर्धवट राहिली असेल, तर 'आरओ' लिहूनही माउंट होताना ती पुरी केली जाते, म्हणजे डिस्कवर लिहिलं जातंच. खरोखर हात लावायचा नसेल तर सोबत 'नोलोड' लिहावं लागतं. एफएससीके त्याआधीच 'एन' लावून चालवलं होतं, म्हणजे ते तपासतं पण दुरुस्त करत नाही. माउंट असलेल्या डिस्कवर तर ते चालवायचंच नाही. फाइलसिस्टिम ठणठणीत निघाली. संध्याकाळचे आकडे तिथेच होते.

आता एफएसटॅब. बूट होताना कोणती डिस्क कुठे जोडायची, याची ही यादी. एका ओळीत सहा रकाने, पहिल्यात बहुधा डिस्कचा छत्तीस अक्षरांचा यूयूआयडी. मी एकेक यूयूआयडी वाचत गेले आणि सहकारी दुसऱ्या खिडकीत ब्लकआयडीच्या यादीशी ताडून पाहत गेला. तिसऱ्या ओळीला तो थांबला. "ताई, ही डिस्कच नाही." मग त्याचा आवाज उतरला. जुन्या अहवालांची ती डिस्क त्यानेच अकरा आठवड्यांपूर्वी काढली होती. यादीतली ओळ मात्र राहून गेली होती.

अकरा आठवडे सर्व्हर उत्तम चालला. रोज दोन वेळा दूध मोजलं गेलं, कुणाची तक्रार नाही. एफएसटॅब पुन्हा वाचायची वेळच आली नव्हती. चालू असणं आणि पुन्हा उठता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या कामाने शिकवलं. चूक ज्या दिवशी होते त्या दिवशी दिसत नाही. ती पुढच्या रीबूटची वाट पाहत बसते.

१९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलने जगभरची विंडोज मशीन अडली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ती ८५ लाख होती. क्लाउडवरच्या अनेक मशीनची डिस्क तेव्हा सोडवून दुसऱ्या चालत्या मशीनला जोडली गेली, ती फाइल काढली आणि डिस्क परत जागेवर लावली. तंत्र तेच, गॅलरीतून उतरण्याचं. कर्नल किंवा ग्रब बिघडला असेल तर डेव्ह, प्रोक, सिस आत जोडून सीएचरूट करावं लागतं, म्हणजे त्या डिस्कलाच रूट मानून काम करावं लागतं. ती सोय युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, १९७९मध्ये आली. ती आजही रोजच्या वापरातली आहे.

आम्हाला तिची गरज पडली नाही. डिस्क लिहिण्याजोगी करून एक ओळ बाद करायची होती. सहकाऱ्याने फाइल उघडली आणि मी त्याचा हात थांबवला. त्याने उघडला होता तो रेस्क्यूचा स्वतःचा एफएसटॅब, मेमरीतला, रीबूटबरोबर नाहीसा होणारा. आपला होता एमएनटीच्या आत, जिथे आम्ही डिस्क माउंट केली होती. थकलेल्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात.

रेस्क्यू बंद केला आणि रीबूट केलं. पावणेचारला लॉगिनची ओळ आली. पाच चाळीसला पहिल्या केंद्राचे आकडे पडले.

तेव्हापासून डिस्कला हात लावला की आम्ही लगेच 'फाइंडमाउंट'कडून एफएसटॅब पडताळून घेतो आणि सगळे जागे असताना एक रीबूट करतो.

ती ओळ मात्र आम्ही पुसली नाही. सहकाऱ्याने तिच्यापुढे हॅशची खूण केली आणि वर तारीख, डिस्क का काढली ते कारण आणि आपलं नाव लिहिलं. नाव लिहायला मी सांगितलं नव्हतं. उद्या आमच्यानंतर कुणी तरी रात्री त्या गॅलरीतून उतरेल, तेव्हा त्याला चाचपडावं लागू नये.