सिंधहून आलेली आजी

आमची आजी १९९७ साली, वयाच्या ९३ व्या वर्षी, वसईच्या घरी निवर्तली. जन्माने ती कोकणातली. परंतु १९१८ साली लग्न होऊन आगबोटीने कराचीस गेली, ती तेथलीच झाली. त्या काळी तो परमुलूख नव्हता. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच मोडे, आणि कराचीतील एका नामांकित शाळेस नारायण जगन्नाथ वैद्य या महाराष्ट्रीय गृहस्थांचे नाव होते. पुढे १९४७ साली फाळणी झाली. जवळजवळ तीस वर्षांचा संसार मागे टाकून आजी मुलांसह वसईस आली.

येथे तिने दुःखाचा पाढा कधी वाचला नाही. राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी करण्यास ती शेजारणींपासून शिकली. मात्र कल्याण कॅम्पातील, म्हणजे १९४९ पासूनच्या उल्हासनगरातील, सिंधी पापडवाली दारी आली की, तिला ओटीवर बसवून ती सिंधीत घटका घटका बोले. "परक्या बाईशी इतके काय बोलायचे?" असे कोणी विचारी. त्यावर आजी म्हणे, "माझे तरुणपणचे गाव पाहिलेली आता हीच एक उरली आहे, बाबा!" निघताना तिच्या पदरात सुकेळी घातल्यावाचून ती राहत नसे.

निर्वासितांविषयी तुच्छतेने बोलणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, कित्येकदा माणूस परदेशी जात नाही. त्याचे घरच परदेशात जाते.