मोज्यातली चिंगी

बालमित्रांनो, आधी एक गंमत करून बघा. आरशासमोर उभे राहा. दात किंचित उघडे ठेवा आणि ओठ मुळीच हलू देऊ नका. आता म्हणा, 'काका'. जमलं ना? 'नाना'? तेही जमलं. आता 'मामा', 'बाबा', 'पोपट' म्हणा बरं! अडलं की नाही गाडं? प, फ, ब, भ, म म्हणताना ओठाला ओठ लावावाच लागतो. तरीही काही कलावंत ओठ न हलवता बोलतात आणि आपल्याला वाटतं, त्यांच्या हातातली बाहुलीच बोलतेय. या कलेला म्हणतात शब्दभ्रम.

मी तुमच्याएवढी होते, तेव्हा ही जादू आम्ही टीव्हीवर बघायचो. रामदास पाध्ये यांच्या बोलक्या बाहुल्या लागल्या, की नशिराबादच्या आमच्या गल्लीतली सारी पोरं टीव्हीवाल्या घरी गर्दी करायची. अर्धवटराव तर सगळ्यांचा लाडका! तो रामदासांचे वडील यशवंत पाध्ये यांनी घडवला. आज त्याचं वय शंभराच्या पुढे आहे, बरं का! लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससाही पाध्यांचाच. आणि १९९३ सालच्या 'झपाटलेला' सिनेमातला तात्या विंचू? तो बाहुला पाध्यांनीच बनवला होता, आवाज होता दिलीप प्रभावळकरांचा. तो सिनेमा बघितल्यावर कितीतरी दिवस मी माझी बाहुली भिंतीकडे तोंड करून ठेवायचे आणि मगच झोपायचे!

एक गोष्ट मात्र तेव्हाही मला नवलाची वाटे. अर्धवटराव बोलायला लागला, की शेजारी बसलेल्या पाध्यांकडे आमचं कुणाचंच लक्ष नसायचं. बाहुला निर्जीव आहे हे ठाऊक होतं, तरी सगळे डोळे त्याच्यावरच!

टीव्ही येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे बाहुल्या नाचताहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचं गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाने दोरीवर नाचणाऱ्या कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ आणि चित्रं दाखवून गोष्ट सांगणारी चित्रकथी या तिन्ही कला जपल्या. तिथले परशुराम गंगावणे यांनी तर आपल्या गुरांच्या गोठ्यातच या कलेचं संग्रहालय उभारलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

हे सगळं मला पुन्हा आठवलं ते माझ्या वर्गातल्या एका मुलीमुळे. जूनमध्ये ती दुसरीत आली. लिहायची छान, पण बोलायची एक अक्षर नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर. तिच्या आईकडून कळलं, की घरी ती चुरूचुरू बोलते. पण शाळेत कुणीतरी तिच्या 'मले-तुले'ला हसलं होतं आणि तेव्हापासून तिने तोंडच मिटून घेतलं होतं.

मग मी एका जुन्या लोकरीच्या मोज्याला दोन बटणांचे डोळे लावले. केळीच्या वाळक्या खोडाचे धागे काढून केस केले. केळीला काय तोटा आपल्याकडे! बाहुलीचं नाव ठेवलं चिंगी. चिंगी हातात चढवून मी वर्गात गेले. एकेका बाकापाशी थांबून चिंगी गप्पा मारू लागली. ती मुलगी चिंगीकडे बघत राहिली, बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "चिंगे, तुले गरम नाही होत का?"

जळगावकडचं ऊन आणि चिंगीच्या अंगात लोकर! प्रश्न अगदी बरोबर होता. चिंगी लगेच म्हणाली, "होते ना माय! मले पंख्याखाली बसव." सारा वर्ग हसला, पण यावेळी चिंगीला. आणि ती मुलगीही हसली.

२१ मार्च हा जागतिक बाहुलीनाट्य दिन. २००३ सालापासून जगभर साजरा होतो. त्या दिवशी आम्ही शाळेच्या व्हरांड्यात बाहुल्यांचा मेळावा भरवला. बाक आडवे टाकले, त्यांवर एका आईची साडी बांधली, झाला रंगमंच! मुलींनी भुलाबाईचा खेळ बसवला. आपल्याकडे भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते, गाणी होतात आणि शेवटी खाऊ ओळखायचा असतो, तोच खेळ. भुलाबाईच्या बाहुलीला आवाज कुणाचा होता, ओळखा पाहू? त्याच मुलीचा! खणखणीत, आणि तिच्या घरच्या बोलीत. समोर बसलेल्या तिच्या आजीला नातीचा आवाज ओळखायला क्षणभरही लागला नाही. साडीमागे ती लपलेली होती. सगळे डोळे बाहुलीवर होते, म्हणून तिला कुणाच्याच डोळ्यांची भीती वाटली नाही.

आता ती हजेरीला "हजर" म्हणते. कधी 'मला' म्हणते, कधी 'मले'. दोन्ही आपलेच शब्द आहेत.

तर मित्रांनो, घरात एकटा उरलेला मोजा असेलच. आईबाबांना विचारा, दोन बटणं मागा आणि करा एक बाहुली. तिला घरच्या बोलीत बोलू द्या. मग वर्गात जो सगळ्यांत गप्प बसतो ना, त्याच्या हातात ती द्या. आणि हो, तो बोलायला लागला, की त्याच्याकडे टक लावून बघू नका. बाहुलीकडे बघा!