अर्धा मिलिमीटर

ब्रेक पॅड संपत आले की बऱ्याच गाड्या स्वतःच ओरडून सांगतात. पॅडच्या पाठीला बसवलेली पोलादी पट्टी डिस्कला टेकते आणि चाकातून चिरका आवाज येऊ लागतो. त्या आवाजानं हैराण होऊन आलेलं गिऱ्हाईक पॅड बदलायची तयारी करूनच आलेलं असतं. विचार करायची वेळ येते ती पॅड बाहेर काढल्यावर. डिस्क आहे तशीच ठेवायची, टर्निंगला म्हणजे लेथवर कातायला पाठवायची की नवीच घालायची?

कोल्हापुरात या प्रश्नावर फारसं कुणी थांबत नाही, कारण शिवाजी उद्यमनगर जवळ आहे आणि तिथं लेथला तोटा नाही. "मिस्त्री, चाक खोललंच आहे, तर डिस्कपण मारून घ्या की," असं गिऱ्हाईकच म्हणतं. नव्या पॅडला सपाट जागा मिळावी, हा त्यामागचा हेतू चांगला आहे. तरीही बहुतेक वेळा मी नको म्हणतो.

कारण डिस्क बीडाची असते, आणि कातून काढलेलं बीड परत येत नाही. ब्रेकची बहुतेक उष्णता आधी या बीडातच शिरते. साधा हिशोब करून बघा. हजार किलोची गाडी घाटातून चारशे मीटर खाली उतरली, तर तिनं सोडलेली ऊर्जा साधारण एक युनिट विजेएवढी भरते. म्हणजे हजार वॅटची शेगडी तासभर पेटती ठेवल्यासारखी. खालच्या गिअरमध्ये इंजिननं आवरली तेवढी सोडली, तर बाकी बरीचशी ब्रेकवर येते, आणि त्यातही पुढच्या चाकांवर जास्त. आंबा घाट उतरून रत्नागिरीला जाणारी किंवा गगनबावड्याहून करूळ घाटानं खाली जाणारी गाडी माझ्याकडे आली की तिच्या डिस्कची जाडी मला पॅडच्या किमतीपेक्षा महत्त्वाची वाटते. डिस्क जितकी पातळ, तितकी ती लवकर तापते.

समजा, नवी डिस्क २२ मिलिमीटरची आहे आणि तिच्यावर किमान जाडी २० कोरलेली आहे. वापरायला मिळाले दोन मिलिमीटर. दोन्ही तोंडांवरून पाव-पाव मिलिमीटर कातलं की अर्धा मिलिमीटर संपला. म्हणजे डिस्कच्या आयुष्याचा चौथा हिस्सा एकदाही ब्रेक न दाबता भुशात गेला.

म्हणून आधी मोजायचं. व्हर्निअर इथं फसवतो. डिस्कच्या बाहेरच्या काठावर पॅड पोचत नाही, तिथं न झिजलेली कड उभी राहते आणि व्हर्निअरचे जबडे त्या कडेवरच अडतात. आकडा छान येतो, पण खोटा येतो. मायक्रोमीटर कडेच्या आत, पॅड फिरतो त्या पट्ट्यावर लावावा लागतो, आणि एकाच जागी लावून भागत नाही. मी गोल फिरत आठ ठिकाणी लावतो. सगळीकडे जाडी सारखी असेल, ब्रेक दाबताना पेडल पायाखाली नाचत नसेल आणि चरे नखाला जेमतेम लागत असतील, तर ती डिस्क तशीच ठेवावी. वर चकाकी आलेली असेल तर पॉलिश पेपर गोलगोल फिरवून ती मोडतो, धूळ आणि तेलकटपणा धुऊन काढतो. उथळ चऱ्यांत नवा पॅड स्वतःच बसतो.

स्टेअरिंग थरथरतं, अशी तक्रार असेल तर मात्र काम वाढतं. "डिस्क वाकली" असं सगळेच म्हणतात, पण खरोखर वाकलेली डिस्क क्वचितच सापडते. बहुतेक वेळा जाडीतच फरक पडलेला असतो, आणि दोन शतांश मिलिमीटरचा फरकही पायाला कळू शकतो. हा फरक पडला कशामुळे, हे शोधल्याशिवाय डिस्क लेथवर पाठवणं म्हणजे थरथर काही महिने पुढं ढकलणं. कोकणातल्या गाड्यांत कारण अनेकदा हबवर असतं. खाऱ्या हवेनं हबच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा चढतो, डिस्क त्यावर किंचित तिरकी बसते, आणि फिरताना दर फेरीला एकाच जागी पॅडला घासत राहते. हब तारेच्या ब्रशनं लख्ख करून, डिस्क परत चढवून डायल गेज लावलं की काटा बऱ्याचदा गुमान बसतो. चाकाचे नट एकाला जास्त, एकाला कमी आवळले तरी हाच त्रास होतो. आणि आतला पॅड संपलेला, बाहेरचा अर्धा शिल्लक असेल, तर दोष कॅलिपरच्या अडकलेल्या पिनेचा. तिथं लेथ काय करणार?

टर्निंगला मी कधी पाठवतच नाही असं नाही. चरे खोल आहेत, जाडीत फरक पडलाय, पण कातून झाल्यावरही किमान जाडीच्या वर पुढच्या पॅडपुरता भरपूर माल उरणार आहे, तेव्हा टर्निंगसारखं काम नाही. जोडीतल्या दोन्ही डिस्क एकदमच पाठवतो. कारागीर मात्र डिस्क बांधण्याआधी तिचं हबवर बसणारं तोंड पुसून डायल लावणारा हवा, नाहीतर सरळ गेलेली डिस्क तिरकी होऊन येते.

निळे-काळे डाग पडलेली डिस्क मी लेथवर देत नाही. अति तापून तिथलं बीड कडक झालेलं असतं, आणि तो कडकपणा वरवर कातून जात नाही. आजूबाजूचा भाग झिजतो, डाग तेवढे वर राहतात, थरथर परत येते. तडा गेलेल्या डिस्कबद्दल तर बोलायलाच नको. अशा वेळी नवी जोडीच घ्यावी. लहान गाड्यांच्या डिस्क तशा फार महाग नाहीत, हे गिऱ्हाइकाला आकडे दाखवून सांगितलं की पटतं.

डिस्क जुनी असो, टर्न केलेली असो की नवी, पॅड नवे घातल्यावर दुसऱ्याच दिवशी घाट उतरू नका, असं मी प्रत्येकाला बजावतो. सुरुवातीला पॅड पूर्ण टेकलेला नसतो. शे-दोनशे किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर हलक्या पायानं ब्रेक लावत चालवा, मग रत्नागिरी गाठा. आणि बिलावर, पॅडच्या किमतीखाली, दोन्ही डिस्कची जाडी तारखेसह लिहून देतो: डावी २१.३, उजवी २१.२, किमान २०. पुढच्या वेळी गाडी माझ्याकडे येईलच असं नाही. जो कुणी मिस्त्री चाक खोलेल, त्यानं आधी तो आकडा वाचावा.