तुझा चिमटा आता दुसऱ्याच्या हाती

प्रिय सखे,

परवा फोनवर तू विचारलंस, ‘सासूबाई मागून कशाला ओरडतायत?’ आणि मी ‘नंतर सांगते’ म्हणून फोन ठेवला. राग आला असेल तर गिळ, कारण दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नव्हतंच.

तुला सांगते, मी बंदूक घेतली आहे. हीट गन गं! रंगारी जुना रंग सोलायला वापरतात ती, केस वाळवायच्या ड्रायरच्या थोरल्या भावासारखी दिसणारी. लाल किल्ल्यासमोरच्या लाजपत राय मार्केटात गेले होते. दुकानदार अकराशे म्हणाला, साडेसातशेला दिली. तू असतीस तर सहाशेवर आणली असतीस, ठाऊक आहे. तुळशीबागेत तुझ्याबरोबर फिरताना मी लाजेने चार पावलं मागे राहायची ते विसरले नाहीये. परतताना मेट्रोच्या तपासणीत पडद्यावर पिस्तुलासारखा आकार दिसला. तपासणीवाल्या बाईंनी विचारलं, ‘ये क्या है?’ आणि मी भाबडेपणाने म्हणाले, ‘गन!’ पुढची दहा मिनिटं कशी गेली ते भेटल्यावर सांगेन. अभिनयासकट.

आता ही कशाला, तर सासूबाईंचा रेडिओ. तळहाताएवढा, विविधभारतीवाला. त्याचं चार्जिंगचं सॉकेट निखळलं. उघडून बघते तर आपल्या तंत्रनिकेतनातलं काहीच नाही आत. पाय खुपसायला भोकं नाहीत, सगळे भाग सर्किटच्या पाटीच्या अंगावरच चिकटवलेले. रेझिस्टर म्हणजे मोहरीचा चपटा दाणा. 0805 मापाचा म्हणे, दोन मिलिमीटर लांब आणि सव्वा मिलिमीटर रुंद. भिंगातून पाहिलं तर पाठीवर ‘103’ लिहिलेलं: दहावर तीन शून्यं, दहा हजार ओहम. आपण रंगांच्या पट्ट्या पाठ करून मरत होतो ना! आणि सॉकेटचे पाच पाय इतके चिकटून की माझ्या 25 वॅटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीचं (हो, अजून तीच आहे, तू टोक वाकवलेली) नाक तिथे शिरेना.

या कामासाठी गरम हवेची खास यंत्रं मिळतात, तापमानाचे आकडे दाखवणारी. पण एका रेडिओसाठी तेवढे पैसे? माझ्या गनला बटणाच्या दोनच पायऱ्या, आणि वारा असा सुटतो की पापडसुद्धा उडावा. शिवाय 1800 वॅटचं धूड, म्हणजे जवळजवळ आठ अँपिअर. साध्या प्लगला झेपत नाही. म्हणून माझं वर्कशॉप बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या सॉकेटपाशी. धूरही बाहेर जातो. वार सोमवार, कारण त्या दिवशी आमचा बाजार बंद असतो आणि सरोजिनी नगर एकदाचं गप्प बसतं. पण तू आली होतीस तेव्हाची ती बैठी क्वार्टर्स आणि कडुनिंबाची सावली शोधू नकोस. आता सातव्या मजल्यावरून नुसत्या क्रेन दिसतात.

आधी भंगारातल्या सेट-टॉप बॉक्सच्या पाटीवर हात बसवला. पाटी खालून तापवली, पक्कडीत धरून टेबलावर हलकेच आपटली आणि सगळे भाग टपटप गळून पडले. पहाटे पारिजातक गळतो ना, तसा सडा! मी एकटीच टाळ्या वाजवल्या. काढणं सोपं गं. लावणं म्हणजे परीक्षा.

सोल्डरची पेस्ट मिळते, करडी, सुईच्या नळीत भरलेली. ती गारव्यात ठेवावी लागते. शिसं असतं तिच्यात, म्हणून घट्ट डब्यात बंद करून वर ‘खायचं नाही’ लिहिलं आणि डबा फ्रिजमध्ये ठेवला. सासूबाईंना वाटलं मला मधुमेह झालाय आणि मी लपवतेय. दोन दिवस माझ्या चहात साखर नव्हती.

पहिल्या फेरीत मी गन जवळ नेली आणि वाऱ्याने सॉकेटशेजारचा रेझिस्टर उडाला. दुसऱ्या फेरीत घाई केली, तर एकीकडचं सोल्डर आधी वितळलं आणि बेटा एका टोकावर उभा राहिला, शाळेत बाकावर उभं करायचे तसा. तिसऱ्या फेरीत शहाणी झाले. बॅटरी आधीच काढून ठेवली होती. शेजारच्या भागांवर पोळ्यांच्या डब्यातली चांदी पसरली आणि कामापुरती खिडकी कापली. पहिली पायरी लावून वीतभर अंतरावरून मिनिटभर नुसती ऊब दिली. मग हळूहळू जवळ. वारा उगाच जोरात नको, सरळ वरून हवा. हे सोल्डर 183 अंशांना वितळतं, पण माझ्याकडे कुठे तापमापक? पाटीच्या कोपऱ्यात सोल्डरच्या तारेचा तुकडा ठेवला. तो वितळून गोळा झाला की समजायचं, वेळ झाली.

आणि मग, अगं, ते बघायला तू हवी होतीस. करड्या पेस्टला बारीक बुडबुडे येतात, राळेचा धूर निघतो, अजून काहीच नाही, काहीच नाही, आणि अचानक सगळं आरशासारखं चकाकतं! त्याच क्षणी किंचित वाकडा बसलेला रेझिस्टर आपसूक सरकून जागेवर येतो. वितळलेल्या सोल्डरचा पृष्ठताण त्याला ओढून घेतो, आपण हातही लावायचा नाही. मला आपल्या गल्लीतला कल्हईवाला आठवला. भाता, तापलेलं पातेलं, नवसागराचा पांढरा लोट आणि कापसाच्या बोळ्याने फिरवलेलं कथील. तोही भांड्याकडे असाच टक लावून बसायचा, चकाकी येईपर्यंत. त्याला तापमापक कोणी दिला होता?

मधे एक अपघात सांगायचा राहिला. आवाजाचं प्लास्टिकचं चाक चांदीबाहेर राहिलं होतं. ते वितळून बर्फीसारखं बसलं. आता रेडिओ चालतो, पण एकाच आवाजात, आणि तो आवाज मोठा आहे. सासूबाईंची तक्रार नाही, त्या त्याच्यावर ओरडून बोलतात; परवा ऐकलंस ते तेच. शेजाऱ्यांचं विचारू नकोस.

खरी बातमी पुढेच आहे. तो पहिला उडालेला रेझिस्टर मी गुडघ्यांवर रांगत तासभर शोधला. चष्मा, टॉर्च, सगळं झालं. मोतीबिंदू काढलेल्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या, ‘तो काय, मशीनच्या पायाशी.’ ओलं बोट टेकवून अलगद उचलला, तांदळातला खडा उचलावा तसा. मग म्हणाल्या, ‘तुझा हात थरथरतो, दे इकडे,’ आणि बाजारातल्या पटरीवर वीस रुपयांत घेतलेल्या माझ्या भुवयांच्या चिमट्याने तो पेस्टवर नेमका ठेवला. तिसऱ्या फेरीतला तो तोच. लॅबमध्ये तू चिमट्यात तार धरायचीस आणि मी सोल्डर मारायची, तुझी बडबड ऐकत. या ‘धरतात’ तेव्हा एक अक्षर बोलत नाहीत. एकही ड्राय सोल्डर नाही गं.

तेव्हा तुझी जागा गेली, हे कळव म्हणाल्या त्या. शेजारणीच्या नातवाच्या खेळण्यातली मोटार बंद पडलीय, ती येत्या सोमवारी. येताना 0805चे थोडे रेझिस्टर आण, आणि त्यांच्यासाठी चांगला, वाकड्या टोकाचा चिमटा. माझा त्यांनी ढापलाय आणि माझ्या भुवयांकडे बघवत नाही.

तुझीच,
मी