समोरच्या कोपऱ्यातली माणसं

एझर्ड चार्ल्सच्या नावापुढे 25 पराभव आहेत. रॉकी मार्सियानोच्या नावापुढे एकही नाही. 49 लढती, 49 विजय. पण कुठल्याही मुष्टियोद्ध्याची कारकीर्द वाचायला घेतली की माझी नजर आकडे ओलांडून समोरच्या कोपऱ्यातल्या नावांवर जाते. यानं कुणाकुणाला अंगावर घेतलं? हरल्यावर पुन्हा त्याच माणसापुढे उभा राहिला का? या प्रश्नांना चार्ल्सइतकं भरभरून उत्तर देणारा मला तरी दुसरा सापडलेला नाही.

सिनसिनाटीत वाढलेला हा पोरगा 1942 च्या मे महिन्यात पिट्सबर्गमध्ये चार्ली बर्लीपुढे उभा राहिला, तेव्हा त्याला एकविसावं पूर्ण व्हायचं होतं. चार्ल्स जिंकला. पुढच्याच महिन्यात दोघे पुन्हा भिडले. पुन्हा चार्ल्सच जिंकला.

बर्ली कोण होता, हे सांगितल्याशिवाय या विजयांचं मोल कळणार नाही. 1944 साली त्यानं आर्ची मूरला पुन्हा पुन्हा खाली पाडून हरवलं. मूर पुढे जगज्जेता झाला, पण आपल्या वाट्याला आलेला सर्वांत अवघड गडी म्हणून बर्लीचंच नाव घ्यायचा. बर्लीला कुणी कधी नॉकआउट करू शकलं नाही. आणि विजेतेपदाची लढत? ती त्याला एकदाही मिळाली नाही. होल्मन विल्यम्स, एडी बुकर, जॅक चेस, लॉइड मार्शल, सगळे कृष्णवर्णीय, सगळे तयारीचे, सगळ्यांची तीच गत. यांच्याशी लढायचं म्हणजे हरण्याची धास्ती मोठी आणि तिकिटांचा गल्ला छोटा. विजेत्यांचे मॅनेजर त्यांच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. मग ही माणसं गावोगाव एकमेकांशीच झुंजत राहिली. बर्ली आणि विल्यम्स तर सात वेळा. पुढे बर्लीनं पिट्सबर्गच्या कचरागाडीवर नोकरी धरली. त्याच्या शेजारात वाढलेल्या ऑगस्ट विल्सननं ‘फेन्सेस’ नाटकात कचरा उचलणारा ट्रॉय मॅक्सन उभा केला, त्यात बर्लीची छाया आहे. ते नाटक जगभर पोचलं याचं बरं वाटतं, आणि बर्ली पोचला नाही याचा राग अजून जात नाही.

याच माणसांच्या गर्दीत चार्ल्स घडला. 1943 मध्ये जिमी बिव्हिन्सनं त्याला हरवलं, मार्शलनं तर अक्षरशः लोळवलं. लष्करातून परतल्यावर त्यानं दोघांनाही गाठलं आणि एकेकदा नव्हे, पुन्हा पुन्हा हरवलं. मूरला तीनदा हरवलं. तिसऱ्यांदा, 1948 च्या जानेवारीत, आठव्या फेरीत आडवा केला. जोई मॅक्सिमलाही अनेकदा धूळ चारली. लाइट हेवीवेटचं विजेतेपद पुढे मॅक्सिमकडे आणि 1952 च्या डिसेंबरात मॅक्सिमकडून मूरकडे गेलं. दोघांनाही हरवलेल्या चार्ल्सला त्या वजनगटात विजेतेपदासाठी कधी कुणी रिंगणात बोलावलंच नाही.

मूरच्या त्या तिसऱ्या लढतीला सहा आठवडेही उलटले नव्हते. शिकागोत चार्ल्सशी लढताना सॅम बारूदी हा तरुण मुष्टियोद्धा कोसळला आणि दगावला. त्यानंतर चार्ल्सच्या ठोशांतली धार गेली, असं जाणकार म्हणतात. त्यानंतरच्या लढतींच्या फिती पाहताना मलाही प्रतिस्पर्धी डगमगला की चार्ल्सचा हात आखडल्यासारखा वाटतो.

आणि तरीही तो वरच्या वजनात चढला. 1949 मध्ये जर्सी जो वॉल्कॉटला हरवून हेवीवेटचा विजेता झाला. पुढल्या वर्षी ज्याला लहानपणापासून दैवत मानलं, त्या जो लुईला पंधरा फेऱ्यांत हरवावं लागलं. लोकांनी त्याला ते कधी मनापासून माफ केलं नाही.

1954 च्या जूनमधल्या मार्सियानोविरुद्धच्या लढतीची कृष्णधवल फीत आजही बघायला मिळते. चार्ल्स तेहतिशीला टेकलेला, लढत यँकी स्टेडियममधली. चौथ्या फेरीत मार्सियानोची डावी भुवई फाटते, रक्त ओघळायला लागतं. पण तो मागे हटत नाही, ठोसे थांबत नाहीत, आणि चार्ल्सचा चेहरा हळूहळू सुजत जातो. शेवटच्या फेऱ्यांत त्याचं एवढंच चाललेलं दिसतं: पाय रोवायचे, मान आत घ्यायची, उलट ठोसा द्यायचा. तो गुणांवर हरला. मार्सियानोपुढे पंधरा फेऱ्या टिकलेला तो एकटाच. तीन महिन्यांनी तो पुन्हा मार्सियानोपुढे गेला, त्याचं नाक फाडलं आणि आठव्या फेरीत पडला.

पंचवीसपैकी बरेचसे पराभव यानंतरचे, पैशासाठी खेळत राहिलेल्या थकलेल्या माणसाचे. पुढे स्नायू निकामी करणाऱ्या आजारानं त्याचे पायच काढून घेतले. 1975 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, तो शिकागोत वारला.

सर्वांत कठीण प्रतिस्पर्ध्यांशी कोण लढलं, या वादात लोक मुहम्मद अलीचं नाव घेतात. लिस्टन, फ्रेझियर, फोरमन ही यादी मोठीच आहे. पण बर्ली, मूर, मार्शल, बिव्हिन्स, मॅक्सिम, वॉल्कॉट, लुई, मार्सियानो ही नावं एकाखाली एक लिहून बघा. माझं मत चार्ल्सला.