कोरी जागा

कोरी जागा दिसली की माणूस ती आपल्या मनाने भरून टाकतो. पत्राला उत्तर आले नाही की स्नेह्याला राग आला असे आपण धरून चालतो. बिचारे पत्र टपालातच अडकलेले असते! डेटाबेसच्या शास्त्रात मात्र अशा जागेसाठी 'नल' नावाची एक संज्ञा आहे. नल म्हणजे शून्य नव्हे, रिकामा शब्दही नव्हे. नल म्हणजे 'ठाऊक नाही'. मोठी प्रामाणिक चीज! सरासरी काढताना शून्य हिशेबात धरतात, नल वगळतात. दोन नल सारखे आहेत का, असे विचारले तर त्याचेही उत्तर नलच!

एका डॉक्टर स्नेह्यांच्या दवाखान्याची नोंदवही मी हौसेने एसक्यूलाइटमध्ये ठेवली आहे. रिचर्ड हिप यांनी २००० साली निर्माण केलेला हा डेटाबेस आज आपल्या खिशातल्या फोनमध्येही असतो. त्याचे उपकरण अगदी साधे. पडद्यावर आज्ञा टंकायची, खाली उत्तर उमटते. ना चित्रे, ना बटणे.

वहीत 'कोणते औषध सोसत नाही' असा एक रकाना आहे. विचारले आणि काही निघाले नाही, तर तिथे रिकामा शब्द. विचारलेच नसेल, तर नल. पण हे उपकरण दोन्हीकडे कोरी जागाच दाखवते. पेनिसिलिनची सुई टोचून घेणाऱ्याच्या दृष्टीने मात्र या दोन कोऱ्या जागांत जीवनमरणाचे अंतर असते.

नलाच्या जागी एखादे चिन्ह उमटवण्याची आज्ञा उपकरणात आहेच. पण लांबलचक यादीतली चिन्हे मोजत कोण बसणार? हिप यांनी आपला कोड सर्वांना खुला ठेवला आहे. तेव्हा एका रात्री मी तो उघडला आणि ओळी छापणाऱ्या भागात प्रत्येक रकान्यासाठी एक मोजणी बसवली. नल भेटला की एक वाढवायचा. यादी संपली की बेरीज तळाशी लिहायची. बस्स, एवढेच.

डॉक्टरांपुढे यादी ठेवली. तळाशी ओळ होती, 'अज्ञात: ४१'. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कंपाउंडरला हाक मारून म्हणाले, "उद्यापासून केसपेपर काढतानाच विचारायचं. आधी प्रश्न, मग सुई."

आता दर महिन्याला मी तीच आज्ञा देतो. आकडा हळूहळू उतरतो आहे. ज्ञान किती वाढले ते सांगता येणार नाही; पण अज्ञान मोजता येऊ लागले, हेही काही थोडे नव्हे!